बारकाईने वाचण्याविषयीच्या आपल्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया विस्ताराने आणि तळमळीने लिहिलेली आहे, म्हणून तिला दोन ओळींचे उत्तर देऊन मोकळे होणे मला योग्य वाटले नाही. ज्याला चांगले लिहायचे आहे त्याने पुष्कळ वाचण्याबरोबरच थोडे तरी बारकाईने वाचावे, एखादी कविता किंवा गद्याचे एखादे पान पुन्हापुन्हा वाचून लेखकाने कोठे काय केले आहे हे पाहावे, असे मी मागच्या लेखात म्हटले होते. त्यावर आपण म्हणता की अशा वाचनाने साहित्याची चिरफाड होते आणि वाचण्यातला आनंद निघून जातो. तुकाराम आणि बहिणाबाई यांना असला अभ्यास कधी करावा लागला नाही. आणि एखाद्या लेखकाला इतक्या जवळून वाचणारा माणूस अखेर त्याच्यासारखेच लिहू लागतो. यांतला शेवटचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, पण सुरुवात पहिल्यापासूनच करावी लागेल.

‘चिरफाड’ म्हणताना आपल्या मनात शाळेतले रसग्रहण असावे, असे प्रतिक्रियेच्या सुरावरून वाटते. तसे असेल तर आपली तक्रार अगदी रास्त आहे. ओघवती भाषा, समर्पक शब्दयोजना, मनाला भिडणाऱ्या प्रतिमा ही वाक्ये परीक्षेत कोणत्याही कवितेखाली लिहिता येतात आणि त्यांना गुणही मिळतात, कारण ती कोणत्याच कवितेविषयी काही सांगत नाहीत. मी ज्या वाचनाविषयी लिहिले ते याच्या अगदी उलट टोकाचे आहे. त्यात एका कवितेविषयी जे म्हणायचे ते दुसऱ्या कवितेला लागू पडता कामा नये.

बालकवींची ‘औदुंबर’ घेऊ. कविता आठच ओळींची आहे आणि आपल्यापैकी अनेकांना ती पाठ आहे. औदुंबर हे कशाचे प्रतीक मानावे यावर मराठी समीक्षेत पुष्कळ लिहिले गेले आहे. तो वाद बाजूला ठेवून डोळ्यांसमोर काय काय येते एवढेच क्रमाने पाहू. दोन्ही तटांवरची हिरवळ, बेटाबेटांतून वाहणारा निळासांवळा झरा, पैल टेकडीकडचे चार घरांचे गाव, त्याच्या पुढची शेतमळ्यांची दाट गर्दी, तिच्यातून निघालेली पांढरी पायवाट, मग काळा डोह, आणि शेवटी त्या पाण्यात पाय टाकून बसलेले झाड. नजर आधी दूर टेकडीपर्यंत नेली आहे आणि मग त्या अडव्यातिडव्या वाटेने तिला पाण्यापर्यंत परत आणले आहे. शीर्षक सोडले तर ‘औदुंबर’ हा शब्द कवितेत एकदाच, अगदी शेवटचा शब्द म्हणून येतो.

आता क्रियापदांकडे पाहावे. झरा वाहतो, पायवाट चालली आहे, काळिमा पसरतो, औदुंबर बसला आहे. हालचाल हळूहळू मंद होत जाते आणि शेवटी थांबते. त्याहूनही मोठी गोष्ट अशी की कवितेत गाव आहे, घरे आहेत, शेते आहेत, वाट आहे, पण माणूस एकही नाही. वाटेवरून कोणी जात नाही. वाट स्वतःच चालते. आणि जी एक कृती खास माणसाची, पाण्यात पाय सोडून बसण्याची, ती कवीने झाडासाठी राखून ठेवली आहे. मधल्या ओळींत कोठे एखादा गुराखी किंवा पाणी भरणारी बाई आली असती, तर मला वाटते, शेवटी औदुंबर हे नुसते झाड राहिले असते.

आणखी एक शब्द पाहू. सातव्या ओळीत ‘गोड काळिमा’ आहे. तेथे ‘गूढ काळिमा’ असे घालून ओळ मोठ्याने म्हणून पाहावी. मात्रा तितक्याच राहतात, चाल कोठे अडत नाही, अर्थही लागतो. उलट काळ्या डोहाशेजारी ‘गूढ’ हाच शब्द आधी सुचेल. पण तो घातल्याबरोबर कविता आपल्याला घाबरवू पाहते आणि झाडाचे ते निवांत बसणे खोटे वाटू लागते. ‘गोड’ या साध्या, घरगुती विशेषणाने डोहाची धास्ती तेथल्या तेथे निवते आणि म्हणूनच पुढच्या ओळीत झाडाला स्वस्थ बसता येते. हे लक्षात आल्यावर माझा आनंद कमी झालेला नाही. लहानपणी या कवितेची केवळ लय आवडत असे. आता लयही आवडते आणि ती कोणत्या निवडींवर उभी आहे हेही दिसते.

तुकारामांचे नाव आपण घेतलेत याचा मला विशेष आनंद झाला, कारण या बाबतीत त्यांची स्वतःची साक्ष उपलब्ध आहे. ‘याति शूद्र वैश्य केला वेवसाव’ या आत्मनिवेदनपर अभंगात ते सांगतात, ‘आरंभीं कीर्तन करीं एकादशी । नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं’, आणि लगेच पुढे, ‘कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें । विश्वासें आदरें करोनियां’. आधी अभ्यासात चित्त नव्हते. मग संतांची वचने पाठ केली. त्यानंतर पुढे गाणाऱ्यांचे ध्रुपद, म्हणजे पालुपद, धरले, असेही ते सांगतात. ज्याने दुसऱ्याची वचने पाठ केली आहेत आणि दुसऱ्याच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले आहे, त्याला ती वचने कोठे उचलतात, कोठे टेकतात हे शब्दाशब्दाला ठाऊक असते. याहून जवळचे वाचन मला तरी माहीत नाही. कवित्व प्रसादाने लाभले ही त्यांची श्रद्धा मी नाकारत नाही. तेच तुकोबा पाठांतराचाही उल्लेख आवर्जून करतात, एवढेच माझे म्हणणे आहे.

येथे एकनाथांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. शके 1506 मध्ये, म्हणजे इसवी सन 1584 मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठभेद पडून बिघडलेल्या ओव्यांतला नेमका शब्द कोणता असावा हे ठरवायचे, तर मूळ कवी कोणता शब्द घालील आणि कोणता घालणार नाही हे ओळीओळीला ओळखावे लागते. हे काम त्यांनी उमेदवारीच्या काळात केलेले नाही. त्यांचे भागवत त्याच्या सुमारे अकरा वर्षे आधी, शके 1495 मध्ये, काशीत पूर्ण झाले होते. एवढा मोठा ग्रंथ हातून झाल्यावरही ते दुसऱ्याच्या ओव्यांपुढे बसले. बारकाईचे वाचन ही नवशिक्यांची पायरी आहे, असे आपल्या प्रतिक्रियेत एके ठिकाणी सुचवले आहे. त्याला माझ्याकडे याहून चांगले उत्तर नाही.

बहिणाबाईंची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तेथे आपले म्हणणे मला बऱ्याच अंशी मान्य आहे. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. ‘अरे संसार संसार’ रचायला त्यांना कोणाचे पुस्तक उघडावे लागले नाही. परंतु ओवीची चाल जिच्या कानावर जन्मापासून आहे, जी दळताना आणि शेतात राबताना त्याच चालीत बोलते, तिला ती कागदावर तपासण्याची गरजच नसते. आपण आज लिहिणारी माणसे त्या आवाजात वाढलेलो नाही. आपल्या कानावर दिवसभर पडणारी मराठी बातम्यांची, जाहिरातींची आणि मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांची असते, आणि लिहायला बसलो की हाताशी तीच येते. त्यांना कानाने जे मिळाले ते आपल्याला डोळ्यांनी, सावकाश, मिळवावे लागते.

आता अनुकरणाविषयी. हा धोका खरा आहे आणि तो मी अनेक नव्या लेखकांत पाहतो. माझा अनुभव असा की अनुकरण वरवरच्या वाचनातून अधिक येते. लेखकाची लकब, तुटक वाक्ये, विशिष्ट संबोधने, बोलीतले चार शब्द हे सगळे पृष्ठभागावर असते आणि भराभर वाचणाऱ्याच्या अंगाला तेच चिकटते. थांबून ‘हे येथेच का?’ असे विचारणाऱ्याला त्या निवडीचे कारण सापडते, आणि कारण त्या जागेपुरते असते. ते उचलून दुसरीकडे जसेच्या तसे ठेवता येत नाही.

एक नमुना देतो. गावाकडच्या पडक्या घराविषयी अशी वाक्ये आपण सर्वांनीच वाचली आहेत: ‘गावात पोहोचलो आणि मन भरून आले. समोर आमचा वाडा उभा होता. त्याची पडझड पाहून फार वाईट वाटले.’ ‘औदुंबर’ नीट वाचलेला माणूस येथे दोन प्रश्न विचारील. नजर कोठून कोठे जाते? आणि ज्याच्याविषयी लिहितो आहे त्याचे नाव मी कधी उच्चारतो? मग तोच मजकूर कदाचित असा होईल: ‘फाट्यावर उतरून गावाकडे वळलो. पाराला सिमेंटचा नवा कठडा होता. विहिरीवर जाळी बसवली होती. पुढे निवडुंगात एक चौकट उभी होती आणि तिच्या मागे काही नव्हते. तो आमचा वाडा.’ हे फार थोर गद्य आहे असा दावा नाही. पण भावना आधी जाहीर करून वस्तू नंतर दाखवण्याची खोड गेली, आणि या पाच वाक्यांत बालकवींचा एकही शब्द, एकही प्रतिमा, त्यांच्या लयीचा लवलेशही नाही. कवितेतून गद्यात आले ते एवढे दोन प्रश्नच.

नोकरी सांभाळून एवढा वेळ कोठून आणायचा, आणि गद्यासाठी नेमके काय वाचायचे, असेही आपण विचारले आहे. वेळ फार लागत नाही, कारण येथे पानांची संख्या वाढवायची नसते. गद्यासाठी मी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पासून सुरुवात करा असे सुचवीन. पहिला भाग 1934 मध्ये प्रसिद्ध झाला. भाषा आजही जुनी वाटत नाही. वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्यापासून पुढच्या सगळ्या ओढाताणीपर्यंत कितीतरी दुःखाचे प्रसंग त्या घडले तसे सांगतात आणि पुढे जातात. त्यातले आपल्याला आवडलेले एक पान वहीत हाताने उतरवून काढा. टंकू नका, हाताने लिहा, म्हणजे प्रत्येक वाक्य कोठे संपते हे मनगटाला कळते. मग ज्या वाक्यांत लक्ष्मीबाईंनी आपली भावना किंवा आपले मत शब्दांत सांगितले आहे तेवढ्याच वाक्यांखाली रेघ ओढा. त्यानंतर स्वतःचा एखादा जुना लेख काढून त्यातही तशाच रेघा ओढा, आणि दोन्ही पाने शेजारी ठेवून काय दिसते ते मला अवश्य कळवा.