फायकस उशाशी आणि पंप कपाटात

आत्याने परवा फोनवर सांगितलं, "आता पंप लागत नाही बघ, झाडं आणलीत." पंप म्हणजे दम्याचा. झाडं म्हणजे बेंजामिना फायकसच्या तीन कुंड्या, पलंगाच्या उशाशी. कारण तिच्या भिशीच्या ग्रुपवर आलेला मेसेज: 'नासाने सिद्ध केलेलं झाड! खोलीत तीन ठेवा, खिडक्या बंद करा, रात्रभर ऑक्सिजन, दमा गायब. रोज पाणी, पानांना खोबरेल. पानं गळली तर घरावरचं संकट झाडाने घेतलं समजा.'

नासाचं अगदीच खोटं नाही, एवढं कबूल. 1989 साली तिथे प्रयोग झाला, हवाबंद पेटीत ठेवलेल्या रोपांनी काही घातक वायू कमी केले. पण पेटी म्हणजे आत्याची खोली नव्हे. अशा प्रयोगांचे आकडे 2019 मध्ये कमिंग्ज आणि वॉरिंग या दोन संशोधकांनी पुन्हा तपासले. घरात एरवी येणाऱ्याजाणाऱ्या हवेने जेवढी सफाई होते, तेवढी झाडांकडून हवी असेल तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 रोपं लागतील. दहा बाय बाराच्या खोलीत कमीत कमी शंभरावर. मग आत्या झोपणार कुठे? आणि जी खिडकी खरं काम करते, तीच हा मेसेज बंद करायला सांगतो!

दम्याचं तर उलटच आहे. बेंजामिनाच्या चिकातली प्रथिनं पानांवरच्या धुळीतून हवेत येतात, आणि काहींना त्यांची अॅलर्जी होऊन शिंका, दमा सुरू होतो. हे वैद्यकात नोंदलेलं आहे. पंप थांबवायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील, भिशी नाही.

रात्रभर ऑक्सिजन? अंधारात फायकसही आपल्यासारखा ऑक्सिजन घेतोच, थोडासा. खोबरेलावर धूळ चिकटते, ओलं फडकं पुरे. पाणी रोज नको, वरची बोटभर माती सुकली की घाला, नाहीतर मुळं कुजतात.

आणि पानं? बेंजामिनाची जागा बदलली, उजेड कमी झाला, की तो पानं टाकतो. नर्सरीतून आणलेला हमखास टाकतो. एका जागी भरपूर उजेडात राहू दिला की नवी फुटतात.

कुंड्या आता गॅलरीत आहेत, पंप उशाशी. ग्रुपवर हे टाक म्हटलं, तर आत्या म्हणाली, "नको रे, पाठवणारीला वाईट वाटेल." म्हणून इथे लिहिलं.