‘हेरिटेजच्या नावाखाली जुनं गोडाऊन’ या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार, तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंय की रूमच्या मधोमध खांब, खिडक्या लहान आणि पार वर, फरशीला एवढा उतार की बॅग आपोआप सरकली, गारवा तेवढा छान होता, बाकी हेरिटेजच्या नावाखाली जुनं गोडाऊन गळ्यात मारलं. आधी आमची चूक. बुकिंगच्या फोटोत खांब दिसत नव्हता, दिसायलाच हवा होता. फोटो बदललेत, खांब आणि उतार दोन्ही रूमच्या माहितीत लिहिलेत. मनापासून सॉरी.

पण गोडाऊन म्हणालात ते लागलं हो. ही बिल्डिंग ब्रुअरी होती, तुमचा पलंग आहे तिथे बिअर आंबवायच्या टाक्या होत्या. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, तसल्या टाक्या वरच्या मजल्यांवर तोलायच्या म्हणून बिडाचे खांब इतके जवळजवळ, त्यातला एकही काढता येत नाही. आणि टाक्या वर का, तर धान्य आणि पाणी एकदा वर चढवलं की पुढे सगळं आपल्या वजनानं खाली उतरत जायचं, पंप कमी लागायचे. छताला लोखंडी तुळयांच्या मध्ये विटांच्या बुटक्या कमानी आहेत बघा, लाकूड टाळलं कारण माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, धूळ भडकन पेटते. उतार टाक्या धुतलेलं पाणी मोरीकडे जावं म्हणून मुद्दाम दिलेला, खिडकीखालची लोखंडी जाळी त्याच मोरीची. पलंगाचे पाय तेवढे आम्ही कमीजास्त करून घेतलेत.

राहिल्या खिडक्या. म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीत कार्ल फॉन लिंडेंचं थंड करायचं मशीन चाललं ते १८७० च्या दशकात, त्याआधी हिवाळ्यात तोडून ठेवलेला बर्फ, जाड भिंती आणि कमी खिडक्या एवढ्यावरच गारवा टिकवायचा आणि मशीन आल्यावरही ब्रुअरीच्या भिंती जाडच बांधत राहिले. तुम्हाला आवडलेला गारवा त्या भिंतींचाच, खिडकी मोठी करायला भिंत फोडली तर तो जाईल, म्हणून ते मी करणार नाही.

परत आलात तर खिडक्या मोठ्या असलेली ऑफिसकडची रूम देतो, तिथे खांब नाही. फक्त जाता जाता त्या खांबावरून एकदा हात फिरवा, वरपासून खालपर्यंत बारीक शीर लागेल, ओतताना साच्याचे दोन भाग जुळले ती जागा. रंगकामाच्या वेळी ती घासून सपाट करायला निघाले होते, मी करू दिली नाही.