आम्हाला लागलेले दोन बांबू

'बांबू लागला' असं कुणी म्हटलं की मराठी माणूस पुढचं काही विचारत नाही, नुसता चहा पुढे करतो. मला तो दोनदा लागला. पहिला टेबलावर, दुसरा अंगणात.

पहिला वास्तुशांतीला आला. काचेच्या बरणीत रंगीत गोट्या, पाणी, आणि लाल फितीने बांधलेल्या सात हिरव्या काड्या. नाव 'लकी बांबू'. आणणारे गृहस्थ म्हणाले, तीन काड्या म्हणजे सुख, सात म्हणजे आरोग्य. चार मात्र कधी द्यायच्या नाहीत, अशुभ असतं. "बरोबरच आहे," आई म्हणाली, "खांदेकरी चारच लागतात." वास्तुशांतीच्या पंगतीत हे वाक्य फार वेळ रेंगाळलं.

महिन्याभरात पानांची टोकं पिवळी पडली. मी बरणी उन्हात ठेवली, तर पानं भाजून निघाली. त्याला ऊन चालत नाही, नुसता उजेड लागतो, म्हणजे आमच्या मेहुण्यासारखंच. मग कळलं की नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्याला सोसत नाही. पाणी रात्रभर उघडं ठेवायचं, क्लोरीन उडून जातं, सकाळी ते घालायचं. मी त्याच्यासाठी वेगळी बादली घेतली. आई म्हणाली, "माझ्या गुडघ्यांसाठी कधी पाणी तापवलं नाहीस."

पावसाळ्यात महापालिकेची माणसं डेंग्यूसाठी घरोघरी आली. कूलर पाहिला, फ्रिजमागचा ट्रे पाहिला. आम्ही स्वच्छ माणसं, त्यामुळे मी दारात जरा छाती काढूनच उभा होतो. तेवढ्यात त्यातल्या ताईंनी बरणीवर टॉर्च मारला. "काका, हे बघा." आरोग्याच्या सात काड्यांमध्ये दहा-बारा अळ्या डोकं खाली, शेपूट वर करून मजेत लटकत होत्या. या डासाचं अंड्यापासून पंखांपर्यंत सगळं आठ-दहा दिवसांत उरकतं, आणि मी पाणी बदलायचो पंधरा दिवसांनी. त्यांना मी जवळजवळ पाळलंच होतं. पुढे वाचलं की 2001 साली चीनहून लॉस एंजेलिसला गेलेल्या लकी बांबूंच्या पाण्यातून डेंग्यू पसरवणारा वाघ्या डास तिथे उतरला होता. म्हणजे हा पाहुणा त्या बरणीचा जुना भाडेकरू.

गणपती झाल्यावर सासरे कुडाळहून आले. त्यांनी एक काडी उचलली, नख रुतवलं, वास घेतला आणि परत ठेवली. "जावयबापू, ह्यो बांबू न्हय."

"मग?"

"ह्या भाजीतला कायतरी."

आणि ते खरं निघालं. लकी बांबू हा बांबूच नव्हे, ती ड्रॅसिना. मूळची आफ्रिकेतली, कॅमेरूनकडची. बांबूशी तिचं नातं नावापुरतं. वर्षभर मी ज्याची सेवा केली, तो तोतया होता.

आता माझा इरेचा प्रश्न झाला. सासऱ्यांच्या परड्यात माणगा जातीच्या बांबूची बेटं आहेत. बिनकाट्याचा, जवळजवळ भरीव, सरळसोट. पण तो त्यांनी दिला नाही. "पुण्यात तेका वारो खंयचो मिळतलो?" म्हणाले. तेव्हा मी नर्सरीतून पिवळा बांबू आणला, पिवळ्याधमक कांडीवर हिरव्या रेघा ओढलेला. आमचा फ्लॅट तळमजल्यावर, मागे दहा बाय बाराचा तुकडा. भिंतीपासून दीड फुटावर तीन रोपं लावली. नर्सरीवाला म्हणाला, "पाणी घाला साहेब, बाकीचं तो बघतो." या वाक्यात धमकी आहे हे तेव्हा लक्षात आलं नाही.

पहिलं वर्ष काहीच झालं नाही. मी शेणखत घातलं, पालापाचोळा पसरला, आणि उन्हाळाभर संध्याकाळी पाइप धरून उभा राहिलो. बायको म्हणायची, पैसे पाण्यात गेले. खरं तर पाणीच पैशात जात होतं, त्या उन्हाळ्यात टँकर चालू होते.

दुसऱ्या जुलैत एका सकाळी जमिनीतून बैलाच्या शिंगासारखं काहीतरी वर आलेलं दिसलं. जाड, टोकदार, तपकिरी लव असलेल्या सोपटांत गुंडाळलेलं. बांबूचं हे एक विलक्षण आहे. तो रोडका उगवून मग अंग धरत नाही. जेवढा जाड व्हायचा तेवढाच जाड होऊन जमिनीतून निघतो, आणि पुढे दोन-तीन महिन्यांत पुरा उंच होऊन मोकळा. मी रोज भिंतीवर खडूने खूण करू लागलो. ओल्या आठवड्यात दोन खुणांमध्ये माझी वीत बसायची. मुलाची उंची आम्ही दारावर अशीच नोंदवायचो, पण त्याने कधी इतकं सहकार्य केलं नव्हतं.

हौसेच्या भरात मी एक सोपट हाताने सोललं. ती तपकिरी लव म्हणजे मखमल नव्हे, कुसळं असतात ती. तळहात, मग मनगट, मग (कारण त्याच हाताने घाम पुसला) मान. बायकोने चिकटपट्टी लावून ओढली, आईने खोबरेल तेल चोळलं, आणि मी दोन दिवस ऑफिसात खुर्चीच्या पाठीला अस्वलासारखा घासत बसलो.

पुढच्या पावसाळ्यात नवे कोंब दुप्पट निघाले आणि शेंडे वरच्या मजल्यावर पोचले. मग पानं. बांबूची पानं झडत नाहीत, ती वाटली जातात. पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळणात, पापडांत, एकदा तर दह्यात. प्रकरण सोसायटीच्या मीटिंगमध्ये गेलं.

सेक्रेटरी म्हणाले, तोडा. खजिनदार म्हणाले, झाड तोडायला महापालिकेची परवानगी लागते. मी म्हणालो, बांबू झाड नव्हे, गवत आहे; ऊस, भात आणि तो एका कुळातले. खजिनदार निवृत्त सरकारी अधिकारी, त्यांनी थेट 1927चा वन कायदा काढला. त्यात बांबू 'झाड' या व्याख्येत आहे म्हणाले. मी म्हणालो, होता. 2017च्या दुरुस्तीने वगळला. घरी सगळ्यांना वेड लावून मी एवढा अभ्यास केला होता. क्षणभर शांतता पसरली. मग सेक्रेटरींनी वही उघडून वाचलं, "नियम चौदा : आवारातील गवत दर महिन्यास काढण्यात यावे."

जिंकलेला मुद्दा असा अंगावर पडतो.

शेवटी तडजोड झाली. बेट राहील, पण नवीन कोंब मी वेळीच कापायचे. सासऱ्यांना फोन केला, तर ते आनंदलेच. त्यांच्याकडे कोवळ्या कोंबांची भाजी होते. बायकोने सोलून, बारीक चिरून, तीनदा पाणी बदलून, उकळून, ते पाणीही ओतून मग भाजी केली. कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, म्हणून हा सोपस्कार. हे मी सोसायटीच्या ग्रुपवर सहज लिहिलं आणि भाजीचा डबा तीन घरांतून न उघडता परत आला. काकूंनी वर साखरेची पुडी ठेवून दिली, रीत म्हणून.

मग आला पाडवा. आदल्या दिवशी त्याच काकू दारात. "तुमच्याकडे एवढे बांबू आहेत, गुढीला एक द्या की." मी सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, तीन वर्षांचा झाल्याशिवाय कापू नको, कोवळा वाकतो. मी काकूंना तसं सांगितलं. काकूंना वाटलं, मी दह्याचा सूड उगवतोय. तेव्हा मी गेल्या पावसातला सगळ्यात सरळ, देखणा बांबू कापून दिला.

सकाळी गुढी ताठ उभी होती. जरीचं वस्त्र, गाठी, कडुलिंब, वर चकचकीत तांब्या. दुपारपासून ती हळूहळू झुकायला लागली. चार वाजता मी श्रीखंडाची दुसरी वाटी घेऊन खिडकीत बसलो होतो, तर वरून काकूंचा तांब्या खाली येऊन आमच्या खिडकीसमोर थांबला. त्यात बांबूचं एक पान अडकलेलं होतं.