उजव्या सायलेन्सरचा पांढरा धूर

पुण्यात राजदूत ३५० घेऊन सिग्नलला थांबलं, की शेजारचा आधी "विकायचीय का?" विचारतो आणि मग "किती देते?" वीस-बावीस म्हटलं की त्याला सिग्नल सुटायची घाई होते.

नाव राजदूत, पण आत सगळी यामाहा. १९७३ साली आलेली आरडी ३५० ही ती गाडी. एस्कॉर्ट्सनं १९८३ पासून ती परवान्यावर आपल्याकडे बनवली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ३४७ सीसी. जपानी गाडीला ३९ अश्वशक्ती होती. इथं आली तेव्हा ३०.५ उरली आणि पुढे मायलेजच्या नादात २७ झाली. जास्तवाली एचटी, कमीवाली एलटी. माझी एलटी. हे कोणी विचारल्याशिवाय सांगायचं नसतं.

तर उजव्या सायलेन्सरमधून पांढरा धूर यायला लागला. इतका, की सोसायटीतल्या लोकांना वाटलं डासांचं मशिन आलं. दोघांनी खिडक्या लावून घेतल्या. वॉचमन म्हणाला, रिंगा गेल्या. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, पेट्रोलात भेसळ. पार्किंगमधले जावावाले काहीच म्हणाले नाहीत, फक्त हसले. ते जास्त लागलं.

कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या पोरानं गाडीभोवती एक फेरी मारली, सीट उचलून पाहिली आणि विचारलं, "काका, ह्याला स्कॅनर कुठं लावायचा?"

मग नाना पेठेत कोणीतरी एका जुन्या वस्तादांचा पत्ता दिला. ते आता काम करत नाहीत, नुसते स्टुलावर बसून असतात. त्यांनी गाडीला हातही लावला नाही.

"गिअरबॉक्सचं ऑइल कमी होतंय?"

"हो. सारखं टाकावं लागतं."

"मग क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याचं, उजवं सील. क्लच त्याच बाजूला ना? सील कडक झालं, की इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल ओढून खातं. डावं गेलं असतं तर हवा खाल्ली असती आणि पिस्टन चिकटलं असतं. नशीबवान आहात."

साडेतीनशेच्या मालकाला नशीबवान म्हणणारा हा माझ्या माहितीतला एकमेव माणूस. "कधी उघडता?" मी विचारलं. "माझे डोळे गेले. उघडा तुम्ही, मी सांगतो."

कव्हरचे स्क्रू फुलीचे. पण ही फुली आपल्या नेहमीच्या फुलीसारखी नसते. जपानी जेआयएस मापाची असते, आणि पुष्कळदा डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. साधा स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही; जोर लावला की उसळून बाहेर येतो आणि खाच खाऊन टाकतो. आधीच्या कुठल्याशा कारागिरानं नेमकं तेच केलं होतं आणि उरलेलं काम छिन्नीनं. त्या कव्हरवर एका माणसाचा सगळा स्वभाव वाचता येत होता.

मॅन्युअल मिळालं ते अमेरिकेतल्या गाडीचं. त्यात पुढच्या डिस्क ब्रेकवर अख्खं प्रकरण. आपल्या गाडीला ड्रम. स्पार्कच्या टायमिंगबद्दल लिहिलंय, पिस्टन वर पोचायच्या २.० मिलिमीटर आधी स्पार्क पाडणारे पॉइंट उघडले पाहिजेत, आणि ते डायल गेजनं मोजा. वस्ताद म्हणाले, "मोजा की. मी कानानं लावतो."

सील शोधायला पुन्हा नाना पेठ.

"आरडीचं आहे का?"

"आरएक्सचं देऊ?"

"नाही चालणार."

"मग बुलेटचं न्या. तीपण साडेतीनशेच आहे."

ह्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. तिथून पुढे मी गाडीचं नाव घेणं सोडलं आणि नंबरच बोलू लागलो. यामाहाच्या जुन्या पार्ट नंबरात पहिले तीन आकडे मॉडेलचे, मधले पाच वस्तूचे: ११६३१ म्हणजे पिस्टन. ९३ नं सुरू झाला, की सील, बेअरिंग असला सर्वसाधारण माल. बेअरिंगचं तर त्याहून सोपं. ६२०५ म्हणजे आतलं भोक २५ मिलिमीटर, मग ते मोटारसायकलीत असो नाहीतर पिठाच्या गिरणीत. चाकांची बेअरिंगं बदलायची होतीच. बेअरिंगवाल्यानं नंबर ऐकला, डबा काढला, पैसे घेतले. गाडी कुठली, किती देते, विकायची का, काही नाही. मी उगाच दोन मिनिटं रेंगाळलो.

सील शेवटी दिल्लीच्या करोल बागेतून कुरिअरनं आलं. तिथला माणूस फोनवर विचारत होता, "ओरिजिनल चाहिए या एकदम ओरिजिनल?" मी एकदम ओरिजिनल घेतलं.

गाडी सुरू झाली तेव्हा वस्तादांना रिक्षानं घेऊन आलो. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मग सायलेन्सरमागे हात धरून बोटं चोळली आणि मान हलवली. त्यांना मागे बसवून एक चक्कर मारली.

उतरल्यावर मी म्हटलं, "धूर गेला, पण पुढचा ब्रेक काही धरत नाही. त्याचं काय गेलं असेल?"

"काही गेलेलं नाही," वस्ताद म्हणाले. "तो शोरूममधनं आला तेव्हाही असाच होता."