जाणार कोण, हे कधी ठरलं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार दादा,

कमवायला बाहेर कोण जातं यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत की कुवेतला जायचं तुम्ही आणि वहिनींनी मिळून ठरवलं, कुणी कुणावर लादलं नाही. आणि तिथे एकट्याने राबणाऱ्या पुरुषाचे हाल मला दिसत नाहीत, असंही लिहिलंत. तुमच्या हालांवर माझा पूर्ण विश्वास आहे. पण माझा प्रश्न त्याआधीचा होता. घरात बोलणं झालं ते ‘जाऊ का?’ यावर. ‘दोघांतलं कोण जाणार?’ हे कधी निघालं का?

आपल्याकडे कोकणात ते गिरण्यांच्या काळापासून ठरलेलंच आहे. बाप्या मुंबईला, बाई गावात, लावणी, गुरं आणि सासू-सासरे सांभाळत. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, सिंधुदुर्गात १०३६. कमावते पुरुष बाहेर, म्हणून हे आकडे असे. आखाताची वाटही त्याच वळणाने गेली. मुंबईत निदान खोली मिळाली की बिऱ्हाड करता यायचं. आखातात बायको न्यायची तर पगाराची अट आड येते: अमिरातीत महिना ४००० दिरहम, राहायची सोय असेल तर ३०००. आपला कायदाही मध्ये आहेच. ईसीआर पासपोर्टवर (बहुधा दहावी न झालेल्यांचा, ज्यावर आखातात नोकरीला जाण्याआधी सरकारची परवानगी लागते) घरकामाला आखातात जायचं तर बाईला वयाची तिशी गाठावी लागते. पुरुषाला अशी अट नाही. म्हणजे नवरा-बायको ओटीवर बोलायला बसतात, तेव्हा अर्धं आधीच ठरलेलं असतं.

आमच्या वाडीतली एक सून नर्स आहे. तिला परदेशातली नोकरी चालून आली होती. नवरा मुलं सांभाळायला तयार होता, अगदी मनापासून. पण ‘बायकोच्या जिवावर बसलाय’ हे लोक बोलणार, असं घरच्यांनी रोज ऐकवलं आणि शेवटी तोच नको म्हणाला. मला हे फार लागलं. तिची संधी गेली, आणि त्याला मुलांजवळ राहायचं होतं तर त्याची लाज वाटायला लावली. तुम्ही ज्या एकटेपणाबद्दल लिहिलंत, तो याच दडपणातून येतो. म्हणून तुमचं म्हणणं मला माझ्या विरोधातलं वाटत नाही.

तुमचा अनुभव सविस्तर लिहून पाठवा, मी तो जसाच्या तसा इथे देईन. वहिनींनाही लिहू द्या: तुमच्या मागे शेतीचे, बँकेचे, आजारपणाचे निर्णय त्यांनी कसे घेतले, आणि तुम्ही परत कधी यायचं हे ठरवताना त्यांचं किती चालतं.