जड बॅटवाल्या अण्णांना उत्तर

अण्णा, कमेंट पूर्ण वाचली. मी पोरांच्या हातात बेसबॉलची हलकी बॅट देऊन त्यांना नाजूक करतोय, तुमचं पोरगं ११ वर्षांचं पण तालमीला जातंय, ३० इंची २५ औंसाची बॅट आरामात पेलतंय, आणि आत्ताच मोठी घेतली की दोन-तीन वर्षं बघायला नको, असं तुमचं म्हणणं. पैशाचं पटतंय मला. इकडं ही बॅट क्रिकेटच्या बॅटसारखी दुकानात चार हातात धरून निवडता येत नाही, बहुतेक जण ऑनलाईनच मागवतात, त्यामुळे एकदाच घ्यावी वाटणारच.

पण पेलणं वेगळं आणि वेळेवर फिरवणं वेगळं की वो. ४६ फुटांवरून ताशी ८० किलोमीटरनं येणारा बॉल अर्ध्या सेकंदाच्या जरा वर प्लेटवर, म्हणजे बॅटरपाशी, पोचतोय, त्यात बघायचं, ठरवायचं आणि बॅट आणायची. बॅटच्या इंचांतल्या लांबीतून औंसांतलं वजन वजा केलं की येतो तो ड्रॉप. ३० इंची बॅट ड्रॉप १० ची असली तर २० औंस, म्हणजे ५६७ ग्रॅमच्या आसपास, ड्रॉप ५ ची असली तर २५ औंस, ७०९ ग्रॅम. मधला फरक जवळपास एका बेसबॉलच्या वजनाएवढा, आणि तो बराचसा पुढच्या जाड भागात असला तर मनगटावर अजूनच ओढ येते. म्हणून नुसता काटा बघून पण भागत नाही, एकाच वजनाच्या दोन बॅटी हातात वेगळ्या लागतात.

जड बॅटनंच बॉल लांब जातो म्हणता, तर अमेरिकेचा जुना नामांकित बेसबॉल खेळाडू बेब रुथ १९२० च्या दशकात ४० औंसांच्या वरची बॅट वापरायचा हे खरंय, पण आज मेजर लीगमधली, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमधली, धिप्पाड माणसं पण साधारण ३१ ते ३४ औंसांवरच खेळतात, कारण बॅटचा वेग पडला की वजनाचा फायदा हातात येत नाही. ताकद आहे तर तालमीत वाढवा ना, मी कुठं नको म्हणतोय!

तुम्ही एवढंच बघा, पहिले चार स्विंग सोडून द्या, पोरगं दमल्यावरचे बघा. बॅटचं टोक खाली लोंबकळतंय का, पाठ मागं वाकतेय का, बॉल सगळे उजवीकडंच जातायत का (उजवा बॅटर असेल तर), म्हणजे उशीर होतोय. बॅट आधीच घेतली असेल तर हात दांड्याच्या खालच्या टोकापासून दोन बोटं वर धरायला लावा, लगेच फरक दिसतो.

रविवारी सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर या पोराला घेऊन, २० आणि २५ दोन्ही बॅटी आणतो, दमेपर्यंत मारू दे, मग काय घ्यायची ते ठरवा.