जे. जे. जॉन्सन यांचा ट्रॉम्बोन सरकनळीचाच

ट्रॉम्बोन हे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य. त्याची नळी मागे-पुढे सरकवून सूर बदलतात; व्हॉल्व्हच्या प्रकारात मात्र बोटांनी कळा दाबून. जॅझमधले ट्रॉम्बोनवादक जे. जे. जॉन्सन (१९२४–२००१) व्हॉल्व्हचा ट्रॉम्बोन वाजवत, सरकनळीवर त्यांच्याइतकी गती शक्यच नाही, असं पुन्हा पुन्हा सांगितलं जातं. हे चूक आहे. त्यांचं वाद्य सरकनळीचंच होतं. व्हॉल्व्हचा ट्रॉम्बोन वाजवणारे बॉब ब्रुकमायर. तेही थोर, पण वेगळे.

हा गैरसमज जुनाच आहे. १९४६ साली बड पॉवेल (पियानो) आणि मॅक्स रोच (ड्रम) यांच्या साथीनं जॉन्सन यांनी स्वतःच्या नावावर ध्वनिमुद्रणं केली, तेव्हापासून ऐकणारे चक्रावलेले आहेत. पण सरकनळीच्या सात जागा असतात आणि वरच्या पट्टीत एकच सूर दोन-तीन जागी सापडतो. पियानोवरच्या मधल्या सी या सुराच्या लगेच वरचा डी पहिल्या जागी मिळतो, तसा चौथ्या जागीही. जवळची जागा निवडली की हात फार हलवावा लागत नाही, आणि जिभेनं सूर नेमका तोडला की मधली घसरण ऐकूच येत नाही. ही वर्षांची मेहनत आहे. तिचं श्रेय व्हॉल्व्हला देऊन टाकणं मला खरोखर अन्यायाचं वाटतं.

१९५२ ते ५४ मध्ये त्यांनी संगीत सोडलं होतं, हेही अर्धसत्य. पोटासाठी कारखान्यात आराखडे (ब्लूप्रिंट) तपासायची नोकरी केली, हे खरं. पण १९५३ मध्येच ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउनबरोबरचं त्यांचं ध्वनिमुद्रण झालं. ‘लॅमेंट’ ही त्यांची रचना ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी १९५७ मध्ये वाजवली. तीही जरूर ऐका.